सुषमा नसतानाचा नोव्हेंबर

“पाय काढ तिचे! दोन्ही काढ! डॉक, बघत काय उभा राहिलायस, पाय काढल्याशिवाय ही बया आत जायची नाही!”

डोरथी ओरडत होती. डोरथीचं ओरडणं म्हणजे हवामान खात्याला न कळवता सुटलेला वारा. तिनं लेस्टरला तोंड उघडलं की नॉटिंगहॅमला लोक दोरीवरचे कपडे आत घेत. मी तिच्या स्वयंपाकघरात बाह्या सरसावून, सुरी हातात धरून उभा होतो आणि समोर ओट्यावर, पाय छताकडे करून, एक टर्की पसरली होती. ज्यांनी टर्की पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोंबडी पोलिसात भरती झाली, बढत्या घेत घेत निवृत्तीला आली, आणि निरोप समारंभात सगळ्यांच्या हातचे पेढे खाल्ले की जी आकृती होते, ती टर्की. ओव्हन होता इंग्लिश. म्हणजे एकमेकांशी फारसं न बोलणाऱ्या दोन माणसांच्या संसाराला पुरेल एवढा. पक्षी तिरका घालून झाला, उलटा घालून झाला, डोरथीनं गुडघा लावून ढकलूनही पाहिला. शेवटी तिला आठवलं की समोरच्या घरात एक हाडांचा डॉक्टर राहतो आणि तो आज रजेवर आहे.

“पेशंटची संमती घेतलीस का?” मी विचारलं.

“पेशंट मेलाय, डॉक.”

“मग हे माझं खातं नाही. तळघरातल्या शवागारात चौकशी कर.”

दाराशी ॲलन उभा होता. डोरथीच्या शेजारच्या घरातला, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, आणि तीन शब्दांत काम होत असेल तर चौथा बँकेत टाकणारा माणूस. त्यानं सुचवलं, ओव्हनचं दारच काढून ठेवलं तर? आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, आपलं सुचवून पाहिलं.

मग मी खुब्याचा सांधा चाचपला, सुरी जरा आत घातली, मांडी बाहेर वळवली, आणि हाडाला ओरखडाही न येता एक पाय हातात आला. मग दुसरा. उभ्या आयुष्यात इतकं स्वच्छ ऑपरेशन माझ्या हातून झालं नाही. ना भूल, ना रक्त, ना बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांचे प्रश्न. ॲलननं डोक्यावरची टोपी काढली. माझ्या बोलण्यातलं बरंच तुम्ही वजा करून घ्या, पण हे नका करू. त्यानं खरंच टोपी काढली होती.

हे सगळं आज वर येण्याचं कारण एवढंच, की नोव्हेंबर परत आलाय. इथला नोव्हेंबर पाहुण्यासारखा बेल वाजवून येत नाही. भाडेकरूसारखा येतो आणि एकदा आला की घर त्याचं होतं. दुपारी साडेतीनला उजेड दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो. फुटपाथवरची भिजलेली पानं बुटांना चिकटून घरात शिरतात, आणि जिन्याच्या पायरीवर एखादं पिवळं पान आपलीच वाट बघत बसल्यासारखं सापडतं. बेलग्रेव्ह रोडवर, म्हणजे लेस्टरमधल्या आपल्या लोकांच्या बाजारात, दिवाळीचे दिवे उतरायच्या आत नाताळचे चढायची घाई. मधले काही दिवस लक्ष्मी आणि सांताक्लॉज एकाच खांबावर गुण्यागोविंदानं नांदतात. उरलेसुरले फटाके पोरं रोज संध्याकाळी संपवतात, आणि हवेत फटाक्यांच्या दारूचा, ओल्या पाचोळ्याचा, कुणाच्या तरी घरी कांदा परतल्याचा असा एक मिश्र वास भरून राहतो. तो वास नाकात गेला की मी अजून दाराकडे बघतो. घर भरलेलं असलं तरी बघतो. त्या एका वर्षानं नोव्हेंबरला माझ्याकडे कायमची खोली देऊन ठेवलीय.

चार-पाच वर्षं झाली त्याला. त्या वर्षी सुषमा, म्हणजे माझी बायको, पुण्याला होती. ऑगस्टात तिच्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. माझ्या सासूबाईंची वाचा! ज्यांच्यापुढे मी, मीसुद्धा, तोंड मिटून पानात वाढलेलं मुकाट गिळायचो, त्या बाई एका सकाळीत गप्प झाल्या. सुषमा सहा आठवड्यांसाठी म्हणून गेली. मुलगी लग्न होऊन कार्डिफला; तिला तिचा संसार पुरून उरत होता. राहिलो मी. सहाचे दहा आठवडे झाले, तिकीट पुढं ढकललं, आणखी पुढं ढकललं, आणि अखेर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा पक्का ठरला. मी हॉस्पिटलात सगळ्यांच्या विनवण्या करून तो सबंध आठवडा रजा मिळवली. हिथ्रोला गाडी घेऊन जायचं, तिच्या बॅगा उचलायच्या, आणि मग घरात नुसतं तिच्या अवतीभवती लुडबुडायचं, असा भरगच्च कार्यक्रम होता. रजा मंजूर झाली आणि फोन आला.

“अहो, आईला ताप आहे. तिकीट पुढं ढकललंय.”

मी रजा परत करायला गेलो. ड्युट्या लावणारी बाई म्हणाली, आता बदलता येणार नाही, मजा करा. जन्मात पहिल्यांदा मला कामावरून हाकलून दिलं गेलं, तेही हसतमुखानं.

एकट्या घराचे आवाज कुणी ऐकलेत? घर इतकं शांत झालं होतं की फ्रिज सुरू झाला की मी “आलो आलो” म्हणून उठायचो. रेडिएटर गरम होताना टिकटिक करायचा आणि मला वाटायचं, कुणी तरी भांडी लावतंय. एकदा पोस्टमनला मी आत बोलावून चहा विचारला. तो बिचारा तेव्हापासून आमच्या गल्लीत पळत पळत पत्रं टाकतो. हॉस्पिटलात मी पेशंटना इतके प्रश्न विचारायला लागलो की गुडघा दाखवायला आलेल्या एका आजोबांनी मला त्यांच्या तिन्ही मेहुण्यांची नावं आणि त्यातल्या कुणाशी अबोला आहे ते सांगितलं. गुडघा राहिलाच. त्यांना परत बोलवावं लागलं.

जाताना सुषमानं दोनच गोष्टी बजावल्या होत्या. कचरा गुरुवारी बाहेर ठेवायचा, आणि विरजण मरू द्यायचं नाही.

हे विरजण साधं नव्हतं. आम्ही या देशात आलो त्या वर्षी बर्मिंगहॅमच्या एका मराठी डॉक्टरीणबाईंनी वाटीभर दिलेलं. त्यांनी ते पुण्याहून आणलं होतं ते असं, की सुती रुमाल दह्यात भिजवला, सावलीत वाळवला आणि लोकरीच्या कपड्यांत घडी करून बॅगेत टाकला. इथं आल्यावर तो रुमाल कोमट दुधात सोडला आणि सकाळी दही तयार. तेव्हापासून सत्तावीस वर्षं आमच्या घरात आजचं दही कालच्या दह्यापासून लागत आलं. आम्ही गावाला गेलो तर वाटी कुणाकडे तरी पोचती व्हायची, तान्ह्या बाळासारखी. राजघराण्यांच्या वंशावळी मध्येच तुटल्या असतील, आमच्या दह्याची नाही.

ऑक्टोबरात थंडी उतरली आणि दही लागेना. मी भांड्याला टॉवेल गुंडाळला. माझी माकडटोपी घातली. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात रात्रभर ठेवलं. अखेर हॉस्पिटलातून प्लास्टरचं बँडेज आणलं आणि मोडलेल्या नडगीला घालतात तसं व्यवस्थित, दोन थरांत, भांड्याला प्लास्टर घातलं. भांडं आजतागायत कुठं मोडलेलं नाही. दही मात्र लागलं नाही. वर गुलाबी बुरशी धरली तेव्हा मी ते सिंकमध्ये ओतलं आणि नळ सोडला. इंग्लंडात गरम पाण्याचा नळ वेगळा, गार पाण्याचा वेगळा. अशा वेळी कुठला सोडायचा ते कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून मी दोन्ही सोडले. सगळं वाहून गेल्यावरही बराच वेळ तिथंच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटातून दह्याचा डबा आणला. त्याच्यावर एक गाय छापली होती. ती हसत होती.

आणि फोनवर? फोनवर माझं दही कापायला सुरी लागत होती.

तेव्हा पुण्याला फोन करायचा म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्ड आणायचं, त्याच्यावरचा चंदेरी पट्टा नाण्यानं खरवडायचा, लांबलचक आकडे दाबायचे, मग एक यांत्रिक बाई आपल्याकडे किती मिनिटं उरलीत ते सांगायची. त्या शरद ऋतूत माझ्याशी सर्वांत नियमित बोललेली स्त्री तीच. मग पलीकडे सुषमाचा आवाज यायचा, जरा उशिरानं, विहिरीतून आल्यासारखा, आणि मी सुटायचो. आज भरली वांगी केली, वासानं गल्लीतली मांजरं रांग लावून बसली. आमटी अशी झाली की ॲलन पातेलं घरी मागून घेऊन गेला. काल तर घरात इतकी माणसं जेवायला, की दोघांना जिन्यावर बसवलं. ती हसायची. सासूबाईंच्या खाटेशी दिवसभर बसून तिचा घसा बसलेला असायचा, तरी हसायची. मग म्हणायची, “छान चाललंय की तुमचं. माझी मेलीची काळजीच मिटली.”

मी म्हणायचो, काळजी कसली, तू आईंचं बघ. आणि फोन ठेवून ब्रेडला लोणी लावायला घ्यायचो.

विचारायचं एकच होतं. येतेस ना? ते मात्र तोंडातून बाहेर पडत नव्हतं. आजारी आईच्या उशाशी बसलेल्या लेकीला हे कुठल्या तोंडानं विचारायचं, हे मी स्वतःला देत असलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. तिच्या आवाजात एक नवीन मोकळेपणा यायला लागला होता. आज मंडईत शाळेतली मैत्रीण भेटली आणि तिनं भर गर्दीत “ए सुशे” म्हणून हाक मारली, हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज सोळा वर्षांच्या मुलीचा होता. लेस्टरला इतकी वर्षं काढली. इथं ती सुषमाताई होती, मिसेस होती, डॉक्टरांची बायको होती. सुशे म्हणणारं तिला इथं कुणी भेटलं नव्हतं. मीही नाही. मी “अगं” म्हणतो. मला भीती वाटायची की मी विचारेन आणि ती खरं उत्तर देईल.

ती आली ती मार्चमध्ये, आईचं सगळं आटोपून. आत्ता आतल्या खोलीत दुपारची झोपलीय. आल्या दिवशी तिनं फ्रिज उघडला, त्या हसणाऱ्या गाईकडे क्षणभर पाहिलं आणि दार लावलं. आठवड्यानं बर्मिंगहॅमहून नवी वाटी आली. एरवी माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं तर तीन दिवस ऐकवणारी बाई, त्या दह्याबद्दल आजवर बोललेली नाही. आता ती उठेल, सपाता फरफटवत स्वयंपाकघरात जाईल, गॅसचा लायटर दोनदा चालणार नाही, तिसऱ्यांदा चालेल, कपाटाचं दार आपटेल. जगातला कुठलाही वाद्यवृंद मला त्यापुढे बेसूर वाटतो. हे तिला सांगायची सोय नाही; सांगितलं तर म्हणेल, मग ते कपाटाचं दार दुरुस्त करा. पण कधी कधी ती खिडकीशी उभी राहते, हातात कप, चहा निवून गेलेला, आणि बाहेर बघत असते. बाहेर समोरच्या घराची भिंत आहे, कचऱ्याचे डबे आहेत. तेव्हा मला कळत नाही, कुणाची कोण वाट बघतंय. तेव्हा मी जास्तच मोठ्यानं बोलतो.

तर त्या टर्कीच्या गुरुवारी.

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकनांचा सण. सुगी घरात आली की सगळ्या कुटुंबानं एका टेबलाशी बसायचं, टर्की खायची आणि मिळालेल्या गोष्टींबद्दल कृतज्ञता म्हणायची. अमेरिकेत त्या दिवशी देश बंद असतो. लेस्टरमध्ये त्या दिवशी कचऱ्याची गाडी असते. डोरथी ओहायोची, फ्रँक नावाच्या इंग्लिश इंजिनिअरशी लग्न करून आली आणि त्याच्या माघारीही राहिली. दरवर्षी ती हा सण गल्लीला लावायची. खाटकानं तिला सांगितलं की टर्की डिसेंबरात येतात. त्यावर ती त्याच्याशी अशी भांडली की त्यानं बहुधा जिल्ह्यातली सर्वांत मोठी पाठवून सूड घेतला. तिला ‘पाय’साठी, म्हणजे भोपळ्याचं सारण भरून भाजतात त्या त्यांच्या गोड पदार्थासाठी, भोपळा हवा होता तो डब्यातलाही मिळेना, तेव्हा मी बेलग्रेव्ह रोडवरून लाल भोपळ्याची एवढी मोठी फाक आणून दिली आणि आमच्यात याचे घारगे करतात हे सांगितलं. तिनं विचारलं, मग घारगे कोण करतं? मी म्हटलं, सध्या कुणी नाही.

तिनं साऱ्या गल्लीला आमंत्रण दिलं होतं. गल्ली कामावर गेली होती. टेबलाशी बसलो आम्ही तिघं: फ्रँकची विधवा, ॲलन, ज्याची बायको स्केगनेसला एका कुत्रेवाल्याबरोबर राहायला गेली होती, आणि मी. मध्ये पंधरा माणसांना पुरेल अशी बिनपायाची टर्की आणि तिचे पाय बाजूच्या ट्रेमध्ये, अपघातानंतर गोळा केल्यासारखे. शेजारी लालभडक क्रॅनबेरीची चटणी, आपल्या करवंदाच्या लोणच्याची परदेशात वाढलेली भाची. मी घरी मांसाहार करत नाही. सुषमाच्या स्वयंपाकघरात अंड्यालाही व्हिसा मिळत नाही. पण त्या दिवशी डोरथीनं उकडलेली काँक्रीटची वीट वाढली असती तरी मी दोनदा मागून घेतली असती. बाहेर पावणेतीनचा उजेड होता, खिडकीची काच आतल्या वाफेनं पांढरी झाली होती, आणि टेबलाशी आणखी दोन माणसं श्वास घेत होती.

नियम असा की प्रत्येकानं आपापली कृतज्ञता सांगेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. डोरथी म्हणाली, मी ह्या तीन खुर्च्यांसाठी कृतज्ञ आहे, बाकीच्या बारा मी वर ठेवून आलेय. मग ॲलन. त्यानं इतका वेळ विचार केला की रस्स्यावर साय धरली.

“बॉयलर चालू आहे,” तो म्हणाला.

“एवढंच?” डोरथी.

“परवा बंद होता.”

मग माझी पाळी. आता हे सांगायला हवं की आमच्या इथल्या मराठी मंडळात आभारप्रदर्शनाचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. कार्यक्रम संपतो, मागं जेवणाची झाकणं उघडतात, लोक रांगेत पळतात, आणि रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांपुढे एक माणूस माइकवरून माइकवाल्याचे आभार मानत असतो. तो मी. शेवटी समोर एखादं झोपलेलं मूल तेवढं उरतं, तेही कुणाच्या तरी लक्षात आलं की उचलून नेतात. इतक्या वर्षांत माझं आभाराचं भाषण बसून पूर्ण ऐकायला मला दोन माणसं प्रथमच मिळाली होती, आणि त्यांच्यापुढे टर्की असूनही त्यांना उठायची परवानगी नव्हती. मी उभाच राहिलो.

मी हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या बाईचे आभार मानले, जी मला न मागता चिप्स जास्त घालते आणि वर “खा रे बाळा” म्हणते, मी पन्नाशी उलटलेला असूनही. कचरेवाल्यांचे मानले, कारण गुरुवार आहे हे मला त्यांच्यामुळे कळतं. ज्या बसचा ड्रायव्हर मला पळताना पाहून थांबतो त्याचे. ॲलन इथं जरा ताठ बसला. पलीकडच्या घरात पियानो शिकणाऱ्या मुलीचे, जी दोन महिने एकच ओळ चुकतेय आणि रोज चारला नेमानं चुकते, त्यामुळे चार वाजतात. रेडिएटरचे. पोस्टमनचे, त्याच्या वेगासकट. संध्याकाळी समोरच्या घरांत एकामागून एक लागणाऱ्या दिव्यांचे, कारण ते मला लावावे लागत नाहीत. गरम नळाचे, गार नळाचे. बोलता बोलता दह्याचे आभार मानले, आणि इथं गाडी कुठं तरी रुळावरून घसरली. दही गेलं हे मी त्या दोघांना सांगून बसलो. रुमाल, रुमालातून आलेलं पुणं, सत्तावीस वर्षं, सिंक, सुषमाला फोनवर मारलेल्या थापा, सगळं. कुणाला सांगितलं नव्हतं ते. ॲलन म्हणाला, वाईट झालं. डोरथीनं क्रॅनबेरीची वाटी हळूच माझ्याकडे सरकवली. डोरथी काही हळूच करायला लागली तर समजावं की प्रकरण गंभीर आहे.

मी खाली बसलो आणि काटा उचलला.

“ठेव तो,” ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “सुषमा राहिली.”

“घरच्यांचे आभार मानत नाहीत आमच्यात. परकं केल्यासारखं होतं.”

“मग तिला काय म्हणतोस?”

“चहा टाक म्हणतो.”

ॲलननं मान डोलावली. त्याला ते पटलं असावं.

“आणि ती परत कधी येणार?” डोरथी.

“येणारच आहे.”

“विचारलंस?”

मी टर्कीच्या पायांकडे पाहिलं.  

“डॉक,” ती म्हणाली, “फ्रँकला मी कधीच काही विचारलं नाही. तो घरातच असायचा, विचारायचं काय? आता मी दिवसभर विचारत असते. तू तुझ्या बायकोला रोज फोन करून सांगतोस की इथं जत्रा भरलीय. जत्रेतल्या माणसाची कोण कशाला सोबत करायला येईल?”

मग तिनं एकदम नेहमीच्या आवाजात ओरडून सांगितलं की आता सगळ्यांनी जेवा, आणि आम्ही जेवलो. टर्कीची चव कशी असते म्हणाल तर सांगतो: आठवत नाही. भोपळ्याचा तो गोड ‘पाय’ मात्र आठवतो. त्यात दालचिनी होती, गूळ नव्हता, आणि तरीही पहिला घास तोंडात गेल्यावर मला मान खाली घालून रुमाल शोधावा लागला. दोघांनी पाहिलं नाही असं दाखवलं. ॲलन इंग्लिश होता, त्याला ते जन्मतः येत होतं. डोरथीला प्रयत्न करावा लागला.

रस्ता ओलांडून घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. रिकामा कचऱ्याचा डबा दारात उलटा पडला होता. तो सरळ केला. ओला कोट न काढताच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो, कार्ड खरवडलं, आकडे दाबले. पुण्यात जेवणं उरकून गेलेली असणार.

सुषमानं फोन उचलला आणि मी सवयीनं सुटलो. टर्की, तिचे पाय, ॲलनची टोपी, खाटकाचा सूड. टर्की या वेळी म्हशीएवढी झाली होती. सुषमा हसत होती आणि हसता हसता एकेक वाक्य बाजूला वळून आईला सांगत होती, “आई, ऐकलंस का, जावयानं पक्ष्याचं ऑपरेशन केलं.” मग म्हणाली, “आई हसली बहुतेक हो. डाव्या बाजूनं.” तिच्या मागं पंख्याचा आवाज येत होता, आणि कुणाच्या तरी घरातली मालिका. तिकडं नोव्हेंबरात पंखा लागत होता.

मध्येच ती यांत्रिक बाई आली आणि म्हणाली, एक मिनिट उरलंय.

एरवी त्या मिनिटात मी “बरं, ठेवतो, आईंना जप” म्हणत असे. त्या दिवशी मी ते मिनिट तसंच जाऊ दिलं, निम्मं तरी. सुषमा दोनदा हॅलो म्हणाली. माझ्याकडे एकही म्हैस उरली नव्हती.

“सुषमा, मला इथं एकट्याला राहवत नाही,” मी म्हटलं. “तू परत ये.”

 पलीकडे पंख्याखाली चादर सारखी केल्यासारखा आवाज आला.

“आईला विचारून सांगते,” ती म्हणाली.